कोरड्या सुटाचं भिजत घोंगडं

"माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये शेवटी एकच थर असतो, आणि तो कशाचा आहे हे कुणीही वेळेवर तपासलेलं नसतं."

हे वाक्य तपासनीसांनी जेवणाच्या टेबलावर उच्चारलं, तेव्हा त्यांच्या अंगावरही एकच थर होता. तो बनियनचा होता आणि त्याला काखेत भोक होतं. बायकोने ते गेल्याच आठवड्यात बोट घालून दाखवलं होतं.

तपासनीस विमा कंपनीत दावे तपासायचे. फुटलेल्या पाइपांखाली सडलेल्या गाद्या, पाणी शिरलेली गोदामं, पडलेली छतं. जग त्यांना नेहमी घडून गेल्यावर भेटायचं. न पडलेलं छत बघायला त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्यामुळे छतं पडतात, असा त्यांचा प्रामाणिक समज होता, आणि तो ते सुट्टीच्या दिवशी घरीही पाळायचे.

वाक्याचं निमित्त चिंगी. चिंगी ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, तलाव-संशोधन केंद्रात नोकरीला, टेबलावर सूक्ष्मदर्शक, हाताखाली एक मदतनीस. घरात मात्र अजून चिंगीच, कारण नाव बदलायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. नोकरी तात्पुरती होती. केंद्राला तलावाच्या तळाशी उतरून शिंपले मोजणारं एक कायमचं माणूस हवं होतं. महिनाअखेरीला थंड पाण्यातली चाचणी होती. पास झाली तर नोकरी कायम. नाही झाली तर पुढच्या उमेदवाराने आधीच पोहायचा सराव सुरू केला होता.

"थंड म्हणजे किती थंड?" तपासनीसांनी विचारलं.

"खाली चार अंश."

"फ्रिजमध्ये किती असतं?"

"तेवढंच," बायको म्हणाली. "दूध चांगलं राहतं."

तपासनीसांनी चमचा खाली ठेवला.

"अहो बाबा, साध्या कपड्यांत नाही उतरत. ड्रायसूट घालतात. आत लोकरीचे कपडे, वर सूट, मानेला आणि मनगटाला घट्ट सील. आत पाणीच येत नाही. केंद्रात एक जुना आहे. चालेल तो."

"चालेल," तपासनीस म्हणाले. "हा शब्द मी रोज ऐकतो. नेहमी अपघातानंतर. 'साहेब, आम्हाला वाटलं चालेल.'"

"बाबा."

"दुसऱ्या कुणाच्या तरी अंगातला. ठिगळं लावलेला असेल."

"आहेत दोन-तीन."

"झालं तर मग! सूट मी बघतो."

चिंगीने आईकडे बघितलं. आईने आमटीच्या भांड्यात बघितलं. या घरात कुठलीही वस्तू बघण्याचं खातं तपासनीसांकडे होतं. एकदा ते गावाला गेलेले असताना मायलेकींनी मिळून पाणी तापवायचा हीटर आणला होता. तपासनीसांनी त्याला नावं ठेवली नाहीत. ते फक्त त्या हिवाळ्यात गार पाण्याने आंघोळ करत राहिले. चिंगीला ते आठवलं. शिवाय तिला आणखी एक आठवलं. लहानपणी तिच्या आंघोळीची बादली कायम अर्धी असायची, समुद्रावर नेलं तर तिला वाळूत बसवून बाबा स्वतः लाटांकडे पाठ करून मध्ये उभे राहायचे, आणि पोहायला ती कॉलेजात शिकली ती शिकून झाल्यावरच घरी सांगितलं. सूट त्यांनीच निवडला तर निदान ते तोंड एवढंसं न करता निरोप देतील, असा तिचा हिशोब.

"बघा," ती म्हणाली. "पण महिनाअखेरीच्या आत."

थंड पाण्याची साधनं विकणाऱ्या दुकानदाराला तपासनीसांनी फोन करून नमुने मागवले. दुकानदार आधी स्वतः पाणबुड्या होता, आता कानाचा पडदा गेल्यामुळे दुकानात बसायचा आणि फोनवर ओरडून बोलायचा. सुटाच्या कापडाचे नमुने मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं, पण त्याने तळहाताएवढे तीन तुकडे पाठवले.

पहिला निओप्रीनचा. बोटाएवढा नसला तरी दोन-तीन पोळ्यांएवढा जाड, दाबला की दबणारा, म्हणजे फुगवलेलं रबरच, आत बारीक बारीक बुडबुडे. ऊब त्याची स्वतःची. सूट फाटून आत पाणी शिरलं तरी तो थोडीफार ऊब धरून राहतो. दुसरा ट्रायलॅमिनेटचा. वर कापड, खाली कापड, मध्ये रबराचा पापुद्रा. रेनकोटइतका पातळ. पाणी अडवतो, बस्स. ऊब हवी तर आतल्या कपड्यांनी द्यायची. तिसरा नुसत्या जाड काळ्या रबराचा.

तिसरा तपासनीसांनी पहिल्याच दिवशी बाद केला. "रबर म्हणजे टायर. टायर पंक्चर होतो. पुढे बोला."

पुढे बोलायला कुणी नव्हतं. बायको पडदे शिवत होती. पडदे, शाळेचे गणवेश, सोफ्याची कव्हरं, असं सगळं ती घरीच शिवायची, आणि मशीन चालू असताना तिला काही ऐकू येत नाही असं तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत जाहीर केलं होतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी दोन नमुने झोपले. बादलीत बर्फ आला. तपासनीसांनी डाव्या हाताला निओप्रीन गुंडाळलं, उजव्या हाताला ट्रायलॅमिनेट आणि आत बायकोचा लोकरी मोजा, आणि दोन्ही हात बादलीत बुडवून ते स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवे बसले. मनगटाशी अर्थातच सील नव्हतं. रबरबँड होते. पाणी दोन्हीकडून शिरलं.

"काय होतंय?" बायकोने दारातून विचारलं.

"दुखतंय."

"कुठला?"

"दोन्ही."

"मग काढा ना बाहेर!"

"तिला काढता येणार आहे का?" तपासनीस म्हणाले.

बायकोने टॉवेल आणून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि जाताना बादलीकडे एकदा बघितलं. बोटं पांढरी पडली होती. अंगठ्याने करंगळीला शिवता येतंय का, हे तपासनीस बघत होते. येत नव्हतं. त्यांना उगाच वाटलं, ही बोटं तिची असती तर. मग त्यांनी हात काढले आणि सरळ आंघोळीला गेले. हीटर लावून.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर आगीचे दावे बघणारे गृहस्थ होते. त्यांनी नमुने हातात घेऊन वास घेतला.

"हे जाडंवालं घ्या. उबदार आहे."

"खोल गेल्यावर दाबाने चेपतं. वर जाड, खाली पातळ."

"म्हणजे जिथे गरज नाही तिथे भरपूर, आणि जिथे गरज तिथे गायब?"

"हो."

"आपल्याच पॉलिसीसारखं," आगवाले म्हणाले, आणि इकडे-तिकडे बघून हळूच खुर्चीत बसले.

हे तपासनीसांच्या मनात घर करून बसलं. निओप्रीन लबाड आहे. पण ट्रायलॅमिनेट? ते तर उघडउघड सांगतं की ऊब माझं काम नाही. प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक माणूस बुडताना काय कामाचा? एक टाचणीएवढं भोक पडलं की आतली लोकर भिजणार, आणि भिजलेली लोकर चार अंशांत किती वेळ, या प्रश्नापाशी तपासनीसांचं डोकं दररोज जाऊन थांबायचं. ते लिफ्टमध्ये थांबायचं. नळ गळत असला की थांबायचं. एकदा ते एका खानावळीच्या दाव्यावर, तुंबलेल्या गटारापाशी, मालक तावातावाने बोलत असताना थांबलं, आणि मालकाला वाटलं साहेब आपल्या नुकसानाने हेलावलेत.

दुकानदाराला रोज फोन.

"चेपलेलं निओप्रीन पण येतं साहेब! कारखान्यातच दाबून आणतात! मग खाली आणखी फारसं दबत नाही!"

"मग त्याची ऊब?"

"थोडी कमी!"

"किती कमी?"

"साहेब, तुम्ही खाली कशासाठी जाणार आहात?"

"मी नाही. मुलगी."

पलीकडे पहिल्यांदाच आवाज खाली आला. "बरं," दुकानदार म्हणाला. "मग विचारा. काय विचारायचं ते विचारा."

त्यानंतर तो ओरडत असला तरी घाई करायचा नाही. पण तो काय सांगणार? त्याच्या मते सगळेच चालणार होते.

महिना सरत आला. सुटाचं घोंगडं भिजतच होतं. चिंगी रोज केंद्रातून येऊन विचारायची, बाबा रोज एक नवीन शंका काढून दाखवायचे. झिप पितळेची की प्लॅस्टिकची. हातावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह वाळूचा कण अडकून उघडाच राहिला तर. छातीवरचा, हवा भरायचा, अडकला तर. शेवटी एका सकाळी तिने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

"बाबा, तुम्ही सूट निवडताय की मला थांबवताय?"

"निवडतोय."

"मग सांगा, कुठला?"

"अजून एक-दोन गोष्टी..."

"त्या संपणार नाहीत. आज ऑर्डर गेली नाही तर तो चाचणीच्या आधी येणार नाही. आणि तो आला नाही तरी मी पाण्यात उतरणार आहे. केंद्रातला जुना घालून. ठिगळांसकट."

बायकोचं मशीन थांबलं. म्हणजे ऐकू येत होतं.

तपासनीस कपातल्या सायीकडे बघत बसले. त्यांना माहीत होतं, आणि ते कुणी बोलून दाखवलं हे त्यांना आवडलं नाही. जोवर निवड चालू होती तोवर चिंगी जमिनीवर होती. नमुने फ्रीजरमध्ये होते, पोरगी सूक्ष्मदर्शकापाशी होती, आणि चार अंश त्या दोघांपासून लांब तलावाच्या तळाशी होते. ज्या क्षणी ते "हा" म्हणतील, त्या क्षणी तिचे पाय ओले व्हायला सुरुवात होणार होती. पण ठिगळं!

"ट्रायलॅमिनेट," ते म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आल्यासारखा वाटला. "आणि आतले कपडे जाड. दोन जोड. मोजे मी बघतो."

"बघा, मोजे बघा," चिंगी म्हणाली, आणि उठून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, जसा ते तिच्या फिरवायचे.

कापडावर इतके दिवस गेले होते. मापावर एक संध्याकाळ गेली, कारण मापाबद्दल या घरात कधी कुणाला शंका नव्हती. कपडे थोडे सैल घ्यायचे. चिंगीचा शाळेचा पहिला गणवेश तिला चौथीत नीट बसायला लागला होता, आणि त्या वर्षी तो फाटला.

बायकोने टेप काढली. चिंगीने अंगात घरचा जाड स्वेटर घातलेला होता, आणि तो काढायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिला वाटलं आत जाड कपडे असणारच आहेत, मग अशीच मोजलेली बरी. बायकोने स्वेटरवरून छाती, कंबर, दंड, मांडी मोजली आणि प्रत्येक ठिकाणी टेपखाली दोन बोटं घातली. "शिवणीत दोन बोटं माया हवीच," ती म्हणाली. तिने हे तीस वर्षं पडद्यांपासून पँटीपर्यंत सगळ्याला केलं होतं आणि एकही तक्रार आली नव्हती.

आकडे तपासनीसांच्या हातात आले. त्यांनी ते दुकानदाराच्या साइटवर भरताना प्रत्येक आकडा पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेला. सुरक्षेसाठी. उंचीत थोडी अधिक भर घातली, कारण वाकायला लागतं. पायाच्या मापात मोजे धरले. दोन जोड.

दुकानदाराने आकडे बघितले. इतक्या वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती: गिऱ्हाईक वजन आणि कंबर नेहमी कमी सांगतं, आणि मग सूट छातीवर आवळला की परत पाठवतं. त्यात हा बाप. त्याला त्या बापाची काळजी वाटली. त्याने मुकाट्याने एक माप मोठा सूट काढला.

सूट चाचणीच्या आदल्या दुपारी आला. काळा, खांद्याला लाल पट्टी, घडी केलेला, नव्या रबराचा वास. तपासनीसांनी तो पलंगावर पसरला आणि झिप खालीवर करून बघितली. टॉर्च आत घालून शिवणी बघितल्या. तीन थर. त्यांनी तिन्ही मनातल्या मनात मोजले.

"घाल."

टाल्कम पावडर लागते, नाहीतर सील कातडीला चिकटतं. बायकोने डबा उपडा केला. चिंगी दोन जोड जाड कपड्यांवर सुटात शिरली, हात मनगटातून निघाले, आणि मग डोकं मानेच्या सीलमधून बाहेर आलं. लाल. केस उभे, कान दुमडलेले, डोळ्यांत पाणी.

"कसं वाटतंय?"

"घट्ट," चिंगी म्हणाली. खरं तर ती घशातून म्हणाली.

तिची मान सोडली तर बाकी सगळीकडे सूट ऐसपैस होता. गुडघ्यापाशी गोळा झाला होता, पाठीवर पाल ठोकल्यासारखा उभा होता. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे तिच्या मानेकडे बघत होते. तपासनीसांनी आयुष्यात गळफासाचे दोन दावे बघितले होते.

"हे कापतात," चिंगी कशीबशी बोलली. "सीलला कापायच्या रिंगा असतात. एक-एक. पुस्तिकेत दिलंय. हळू..."

बायकोची शिवणाची कात्री टेबलावरच होती. सुटातून चिंगी बाहेर आली, बायकोने सील ताणून धरलं, तपासनीसांनी पहिली रिंग कापली. मग दुसरी. चिंगीने घालून बघितलं आणि म्हणाली, आता ठीक आहे, श्वास येतोय, एवढंच पुरे. ती पाणी प्यायला आत गेली. तपासनीस सीलकडे बघत राहिले. ठीक म्हणजे काय? ठीक आणि घट्ट यांच्यात किती अंतर आहे? पाण्यात मान सुजली तर? त्यांनी आणखी एक रिंग कापली. सुरक्षेसाठी.

बायकोने ते बघितलं. "बरं केलंत," ती म्हणाली.

चाचणीला आईबापांना बोलावलेलं नव्हतं. ते आले. चिंगीने त्यांना तलावाच्या लाकडी धक्क्यावर बघितलं आणि तिचे डोळे एकदा आकाशाकडे गेले. थंडी कानाला चावत होती. तपासनीसांच्या हातात थर्मास, खांद्यावर ब्लँकेट, आणि खिशात मेणाची कांडी, कारण पितळेच्या झिपला मेण लावायचं असतं असं त्यांनी वाचलं होतं. झिप प्लॅस्टिकची होती.

प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या, कापलेले केस, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी चिंगीला गोल फिरवून बघितलं.

"सैल वाटतोय."

"आत दोन जोड आहेत," तपासनीस धक्क्यावरून म्हणाले.

"दोन?"

"जाड."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग चिंगीकडे. "काठाशीच बघू आधी. छातीभर पाण्यात. मग पुढचं."

दोघी पाण्यात उतरल्या. चिंगीने तोंडात हवेची नळी घेतली, हात वर करून धक्क्याकडे एकदा हलवला, आणि खाली गेली. पाण्यावर बुडबुडे आले. तपासनीसांनी बुडबुड्यांवर नजर ठेवली. येताहेत. येताहेत. एक मोठा आला. मग बारीक. मग पाणी नुसतंच हललं.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "बुडबुडे..."

आणि पाण्यातून दोन बूट बाहेर आले.

बूट सरळ वर. टाचा आकाशाकडे, पोटऱ्या फुगून दोन उशांसारख्या. बुटांच्या खाली चिंगीचं काही दिसत नव्हतं. एक बूट हलला, म्हणजे पाय आतून ओढत होता, पण बुटात पायच नव्हता. तो निसटून सुटाच्या नडगीपर्यंत खाली सरकला होता आणि बूट रिकामा डुलत होता.

नंतर तपासनीसांना आठवतं ते एवढंच, की थर्मास पडल्याचा आवाज आला आणि तो आपण टाकला असावा. ते धक्क्याच्या पायऱ्यांवरून उतरले, ऑफिसच्या पँटीत, ऑफिसच्या बुटांत, गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. पाणी पायाला लागलं तेव्हा ते गार वगैरे वाटलं नाही. पाय कुणीतरी कापून घेतल्यासारखं वाटलं. त्यांच्या तोंडून चिंगीचं नाव निघत होतं, पण त्याला आवाज नव्हता. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ते स्वतःच गेले असते, पण पुढचं पाऊल टाकता येईना. ते तिथे उभे राहिले, हात पुढे करून, बुटांपासून बऱ्याच लांब.

प्रशिक्षक बाई हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी चिंगीचं कोपर धरलं, तिच्या गुडघ्यांना खाली दाबलं, तिला गोळा करून फिरवलं, आणि चिंगीचं डोकं वर आलं. खोकत, नळी तोंडातच. ती उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं.

"बाबा," ती नळी काढून म्हणाली, "तुम्ही पाण्यात काय करताय?"

तपासनीसांचे दात वाजत होते.

काठावर चिंगीचे ओठ निळे पडले होते. पाणी मानेतून शिरलं होतं आणि छातीपासून कंबरेपर्यंत दोन्ही जोड भिजले होते. बाईंनी सुटाचं ढुंगण मुठीत धरलं. मूठभर नव्हे, ओंजळभर सूट हातात आला.

"सुटात भरलेली हवा मोकळ्या जागेत पळते," त्या म्हणाल्या. "खाली डोकं केलं की सगळी पायात. हा कुणाच्या मापाचा आहे?"

"तिच्याच," बायको म्हणाली. "मी स्वतः घेतलं. फक्त दोन बोटं..."

"मी पूर्ण आकडा केला," तपासनीस म्हणाले. ते ब्लँकेटमध्ये होते. ब्लँकेट चिंगीसाठी आणलं होतं, पण तिने ते त्यांच्यावर टाकलं होतं.

"मी स्वेटर घातला होता," चिंगी म्हणाली.

दुकानदार तिथे नव्हता, म्हणून त्याचं कुणाला कळलं नाही.

"आणि मान?" बाईंनी सीलमध्ये तीन बोटं घातली. ती सहज गेली.

"मान मी," तपासनीस म्हणाले.

बाई शेडमध्ये गेल्या आणि खिळ्यावरून एक सूट काढून आल्या. काळा, जाड, कोपरांवर विटका. दोन गुडघ्यांवर आणि एक बगलेत, सायकलच्या ट्यूबला लावतात तशी गोल ठिगळं. "कोरडे कपडे घाल. आत हीटरपाशी बस. कुडकुडायचं थांबलं की बघू, त्याच्या आधी नाही." चिंगी गेली.

तपासनीस त्या सुटाजवळ गेले. त्यांनी बगलेतल्या ठिगळावर अंगठा फिरवला. कडेला नखाने उचकटून बघितलं. ते उचकटलं नाही.

"हा कशाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"जुना," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना दिसत होतं कशाचा आहे. टायरचा वास येत होता.

दुपारी चिंगी त्या सुटात उतरली. तो तिला असा बसला होता की गुडघा वाकला तर गुडघाच वाकत होता. तपासनीस या वेळी धक्क्यावर, बायकोने त्यांची बाही धरलेली, पँट वर दुमडलेली, पाय दोन जोड मोज्यांत. बुडबुडे गेले, लांब गेले, आणि मग त्यांना दिसेनासे झाले. ते बघत राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं. इतका वेळ काहीच न घडणं त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना. मग लांबवर एक डोकं वर आलं, हात वर गेला, हाताच्या बोटांत एक शिंपला होता.

नोकरी कायम झाली.

नवा सूट घरी आला आणि बाल्कनीत टांगला. वाऱ्यात तो हात हलवायचा, आणि शेजारी विचारायचे कोण आलंय म्हणून. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला.

"मान कापलीय ना साहेब! कापलेली मान परत कशी घेऊ!" मग आवाज खाली आणून, "मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे. पास झाली."

"झालं तर मग! कापड कसं वाटलं?"

तपासनीसांनी बाल्कनीकडे बघितलं. "कापड चांगलं आहे," ते म्हणाले.

बायकोला वस्तू वाया गेलेली बघवत नव्हती. बाजूने चिमटे घेऊन सूट आत घेता येतो का, हे तिला बघायचं होतं. पण त्यासाठी तो कुणाच्या तरी अंगावर हवा. चिंगी केंद्रात होती.

"जरा उभे राहा हो," ती म्हणाली. "पुतळ्यासारखे. बोलायचं नाही."

तपासनीस उभे राहिले. पावडर लावली, पाय बुटात गेले, हात मनगटातून आले, डोकं सीलमधून निघालं. झिप वर गेली. बायको तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरली. छाती. कंबर. मांडी. गुडघा. मान. तिने पाठीवर चिमटा घ्यायला हात घातला, पण चिमटीत काही येईना. तिने टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या.

सूट त्यांना अंगासरसा बसला होता. पोहता त्यांना येत नव्हतं.